भावजींचं गाऱ्हाणं

आमचे भावजी निवडून आले ती बातमी घरी पोचली, तेव्हा ते गोठ्यावर चढून कौलं परतत होते. ऐंशी साल, मे महिना अखेरीला आलेला. खाली अंगणात गुलाल, ताशे, सुट्टीवर आलेले चाकरमानी, नुसती खेचाखेच. जो तो वर मान करून ओरडतोय, "भाऊ, आमदार झालात! खाली या!" आणि भावजी वरून म्हणतायत, "झालो ते कळलं रे. ती फुटकी कौलं आधी बाजूला घ्या, कुणाच्या तरी पायात जातील."

"अहो, पण मिरवणूक!"

"पाऊस काय आमदार बघून थांबतो? दोन वळी राहिल्यात. तोवर चहा घ्या."

चहा कुणी करायचा? मी आणि जाऊबाईंनी. अंगणभर माणसांना चहा, आणि ज्याच्यासाठी ती जमली तो गोठ्यावर! मी तोंडाची फटकळ, सगळा गाव जाणतो. पण त्या दिवशी मी नुसत्या कपबशा आदळल्या. हा माणूस आता मुंबईला जाऊन राज्य चालवणार, या विचारानेच माझं डोकं सुन्न झालं होतं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गाव त्यांना भाऊ म्हणायचा. उंच, हाडकुळे, अंगावर मांस म्हणून नाही, पण आवाज असा की इथून हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस वळून बघेल. तो आवाज आमच्या घराण्याला लागतोच. आम्ही गावकर. रवळनाथासमोर कुणीही नारळ घेऊन आला, की त्याच्या वतीने देवाशी बोलायचं, त्याचं मागणं मोठ्याने सांगायचं, हा आमच्या घराचा मान. त्यालाच गाऱ्हाणं घालणं म्हणतात. गावकर एकेक मागणं सांगतो आणि जमलेली माणसं दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाच्या लेकीचं जमत नाही, सगळ्यासाठी भावजी घसा ताणून मागायचे. एकच नेम होता. गावकराने स्वतःसाठी काही मागायचं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. आमच्या वाडीत दोघा चुलतभावांचं एका फणसावरून फाटलं होतं. कोर्टात जायची भाषा चाललेली. भावजींनी दोघांना देवळात नेलं आणि गाऱ्हाण्यातच मागितलं, "ज्याच्या आज्यानं हा फणस लावला, त्यालाच ह्याचा गरा गोड लागू दे म्हाराजा!" एकजण म्हणाला, "व्हय म्हाराजा." दुसऱ्याच्या तोंडातून शब्द फुटेना. नुसता उभा घाम पुसत. शेवटी म्हणाला, "जाऊ दे, त्यालाच घेऊ दे फणस." मी नंतर भावजींना म्हटलं, असा कसा निकाल झाला? साक्षीपुरावा काही नको? तर म्हणाले, "देवासमोर म्हटलं ना त्यानं? मग झालं."

हेच ते वाक्य. जेवताना, भांडणात, बाजारात, कुठेही. देवासमोर म्हटलं ना? मग झालं. मला त्याचा इतका वैताग यायचा, की काय सांगू!

आता असा माणूस राजकारणात कशाला गेला, ते सांगते. माझ्यामुळे गेला.

माझं माहेर खाडीच्या पलीकडे. आमच्या मागल्या दारातून आईच्या अंगणातला माड दिसायचा, एवढं जवळ. पण मध्ये पाणी. एरवी होडी चालायची, पावसाळ्यात वारा सुटला की बंद. गाडीरस्त्याने जायचं तर पावस गावावरून अर्धा तालुका हिंडावा लागे, आणि तो रस्ताही ऐन पावसात कुठे तरी खचलेला असायचाच. तर श्रावणात माझी आई गेली. पलीकडून भावाने हाका मारून सांगितलं. खाडी फुगलेली, होडीवाला पाय टाकायला तयार नाही. त्याचं तरी काय चुकलं? मी काठावर बसून राहिले. दुपारी उघडीप पडली आणि पलीकडच्या मसणातून धूर वर आला. माझ्या आईचं सरण मी या काठावरून बघितलं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला तिचं.

भावजी माझ्यामागे उभे होते. एरवी थोरला दीर भावजयीशी जेवढ्यास तेवढं बोलतो. त्या दिवशी ते पाण्यात गुडघाभर शिरले आणि सगळा जोर लावून पलीकडे ओरडले, "बाय इथं उभी हाय रे! तिचा नमस्कार आईच्या पायाला पोचवा! बाय इथं उभी हाय!" पलीकडे माझ्या भावाने दोन्ही हात वर केलेले मला दिसले. मग भावजी वळले आणि म्हणाले, "ह्या खाडीवर पूल झाला पायजे." तेवढंच. आणि पुढच्याच निवडणुकीला अर्ज भरला, अपक्ष. निशाणी मिळाली शिडी. आमचे हे तर कपाळाला हात लावूनच बसले.

प्रचार तरी कसला? घरोघर जायचे, पाणी मागायचे, विहिरीत डोकावायचे, बैलाचे खूर बघायचे आणि "येतो" म्हणून निघायचे. मताचं नाव नाही. कार्यकर्ते पाठीमागून धावत जाऊन सांगायचे, "भाऊ उभे आहेत हो, शिडीवर शिक्का मारा!" विचारलं तर म्हणायचे, "स्वतःसाठी मागायची सवय नाय मला." तरी लोकांनी निवडून दिलं. आवाजाला मत दिलं बहुतेक.

मुंबईला विधानसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, त्याची हकिकत आमच्याकडे पेपरातून आली. आमचे हे मोठ्याने वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, भावजींना भाषण येत नाही. त्यांना एकच पद्धत ठाऊक. उभे राहिले, हात जोडले आणि सुरू केलं, "बा म्हाराजा, आमच्या खाडीवर पूल होऊ दे!" आणि कोकणातले जेवढे आमदार त्या सभागृहात होते, या बाजूचे आणि त्या बाजूचे, सगळ्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!" झालं! निम्मं सभागृह हसतंय, निम्म्याला काय चाललंय ते कळत नाही, आणि अध्यक्ष घंटा वाजवतायत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाई मात्र म्हणाल्या, "मग काय वाईट मागितलं?"

जाऊबाईंना त्यांचा धक्का पुढे बसला. एकदा आमदार निवासात राहायला म्हणून हौसेने मुंबईला गेल्या. खोलीचं दार उघडलं तर आत माणसंच माणसं. मुंबईला औषधपाण्याला आलेला जो तो भावजींच्या खोलीवर. कॉटवर कुणी प्लास्टर घातलेला, खाली ओळीने वळकट्या, आणि गुहागरकडची कुणी बाई स्टोव्हवर कुळथाची पिठी ढवळत बसलेली. ती जाऊबाईंना म्हणाली, "या, बसा. तुमचं काय दुखतं?" आमदारसाहेब कुठे, तर बाहेर व्हरांड्यात पंचा अंथरून झोपलेले. जाऊबाई तिसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परत.

पण पुलाचं विसरले नाहीत, ते खरं. कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत जाऊन गाऱ्हाणी घातली ती त्यांनाच ठाऊक. हळूहळू माणसं यायला लागली, काठावर खुंट्या मारून गेली, खडकावर लाल पट्टे ओढून गेली. तो लाल रंग मी रोज मागल्या दारातून बघायची. पंच्याऐंशीची निवडणूक आली तेव्हा पूल अगदी होऊ घातला होता. आणखी एकदा भावजी निवडून आले की झाला, असं सगळेच म्हणत होते. आणि पडले तर त्या खुंट्या तशाच कुजणार, हेही सगळ्यांना दिसत होतं. मला तर झोप नव्हती.

समोर उभा राहिला रत्नागिरीचा एक वकील. मोठ्या पक्षाचा. जीप, लाऊडस्पीकर, गोरापान, बोलण्यात साखर. आमच्या रवळनाथाला पंचक्रोशी मानते, तेव्हा प्रचाराचा नारळ इथेच ठेवायचा असं त्याला कुणी तरी सांगितलं. आमच्या ह्यांनी हुशारी केली. त्या दिवशी भावजींचा दौरा मुद्दाम लांब ठेवला. देवळात गाऱ्हाणं घालायला कुणीच नको, म्हणजे वकील नारळ ठेवून मुकाट्याने जाईल.

वकील आला. देवळात ही गर्दी. आमचे कार्यकर्तेही छातीवर शिडीचा बिल्ला लावून गंमत बघायला आलेले. आम्ही बायका कडेला. आणि बघते तर काय, भावजी समोरून येतायत! अनवाणी, कातळावरून चालत आलेले, घामाने भिजलेले. दौरा अर्ध्यावर टाकून.

आमचे हे पुढे झाले. "दादा, तुम्ही इथं कशाला?"

"नारळ आलाय ना देवाकडं? मग गावकर नको?"

"अहो, पण तो कुणाचा नारळ आहे?"

"देवाचा," असं म्हणून भावजींनी अंगावर पाणी ओतून घेतलं आणि ओलेत्याने उभे राहिले. वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला वाटलं असेल, आता हा माझा नारळ उकिरड्यावर फेकणार.

मला वाटलं, काही तरी दोन शब्द पुटपुटतील आणि सोडून देतील. छे! असं गाऱ्हाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्ये तुझं लेकरू तुझ्या पायाशी नारळ घेऊन उभं हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कामाला निघालाय त्या कामात त्याला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्यासमोर जो कोण उभा आसंल, त्याचा पाय मागं घे म्हाराजा!"

समोर कोण उभा होता हे काय देवाला सांगायला हवं होतं? आणि तरी सगळं देऊळ एका आवाजात ओरडलं, "व्हय म्हाराजा!" आमचेच कार्यकर्ते, छातीवर शिडी लावून! जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. ओरडले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या ह्यांनी तर तोंडावर हातच ठेवला, कारण तेही ओरडले होते.

भावजी थांबले नाहीत. "आणि यश दिल्यावर ह्याच्या हातून खाडीवरचा पूल बांधून घे म्हाराजा! पूल होईस्तवर ह्याला चैन पडू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" वकीलही म्हणाला. हात जोडलेले, मान खाली. त्याच्या ओठांची हालचाल मी नीट बघितली. मनात म्हटलं, हा वकील आहे बाबा, रोज कोर्टात काय काय म्हणत असेल, ह्याला कसलं सोयरसुतक? आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. माझ्या पुलाचा गळा माझ्याच घरच्या माणसाने देवासमोर घोटला होता.

घरी आल्यावर मी पहिल्यांदाच भावजींसमोर आवाज चढवला. "तुम्हाला निवडून यायचं नाही तर सरळ अर्ज मागे घ्या! ही थेरं कशाला?"

"यायचं हाय गो बाय."

"मग असं कुणी मागतं? जरा हळू तरी बोलायचं!"

"हळू बोलून कसं चालंल? नारळ त्याचा होता." जसं काही मीच वेडी होते!

जाऊबाईंनी पदर पसरला. म्हणाल्या, "निदान भावाला सांगा, तुमच्यासाठी एक नारळ ठेवू दे. तो घालील गाऱ्हाणं." तर नाही. गावकराच्या घरातून गावकरासाठी मागणं, ते काही खरं नव्हे, म्हणे. हात टेकले आम्ही.

मग मतदानाचा दिवस आला आणि मला खरा धक्का बसला. शाळेच्या आवारात वाडीतली एक म्हातारी भेटली, भावजींनी जिला मुंबईला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आणलेलं. माझा हात धरून रडायलाच लागली. "मत भाऊलाच द्यायचं मनात हुतं गो बाय. पन ते देवाला सांगून चुकले. आमी सगळे व्हय म्हाराजा म्हणून चुकलो. आता मोडायचं कसं?"  ही एक झाली. मग दुसरी तेच, तिसरा तेच. सगळी पंचक्रोशी रडत रडत वकिलाला मत देऊन आली! आमचे कार्यकर्तेसुद्धा माझी नजर चुकवत होते.

भावजी पडले. त्या संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलो होतो. मी जाऊबाईंना म्हटलं, "बघितलंत ना लोकांचं?" तर त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी पण त्यालाच दिलं." मी म्हटलं, "काय?" म्हणाल्या, "मी पण देवळात होते ना."  मी तशीच वळले आणि भावजींना विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही तरी स्वतःला दिलंत ना?"

भावजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मी गावकर. मीच शब्द मोडला तर मग राहिलं काय?"

देवाशपथ सांगते, मी त्या रात्री जेवले नाही.

"आणि पूल?" दुसऱ्या दिवशी मी विचारलं. भावजी म्हणाले, "देवासमोर म्हटलं ना त्यानं? मग झालं." पुन्हा तेच! मी आदळआपट करत आत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ताटात वाढायची आणि निघून जायची.

वकील मुंबईला गेला आणि पूल विसरला. पावसाळा गेला, दुसरा गेला. खुंट्या पडल्या, लाल पट्टे पुसले. मी टोमणे मारायची, भावजी सुपारी कातरायचे. पण मध्येच एक भलतंच सुरू झालं. वकील कुठे तरी भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुमच्या गावात पाणी आणीन." खालून कुणी तरी ओरडलं, "व्हय म्हाराजा!" लोक खदखदून हसले. दुसऱ्या गावात म्हणाला, "शाळेला इमारत देईन." सगळा मांडव, "व्हय म्हाराजा!" मग ते पसरतच गेलं. पावसच्या बाजारात जीप थांबली की पोरंटोरं सुरू. कुणाच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उभा राहिला, "नांदा सौख्यभरे" म्हणाला आणि वऱ्हाडी गरजले, "व्हय म्हाराजा!" पार नाटे गावच्या कोळणी टोपली उतरवून विचारायच्या, "काय साहेब, पूल खंय पोचला?" त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

एक दिवस तो आमच्या ओटीवर आला. रया गेलेली. "भाऊ, ह्या लोकांना आवरा हो. मला आता बोलायचीच भीती वाटते."

भावजींनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला. "मी काय आवरणार? चैन पडू देऊ नको, असं तुमच्यासमोरच सांगितलं देवाला."

"गंमत करता माझी?"

"तुम्ही म्हणालात ना देवासमोर? मग झालं. पूल बांधा, चैन पडंल."

दाराआड उभी मी. पदर तोंडात कोंबून हसत होते आणि हसता हसता मला रडू फुटलं. हा माणूस भोळा की बेरकी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सुपारीच पुढे केली असती.

पूल झाला. वकिलाने जिवाचं रान केलं, खोटं कशाला बोलू? एकेक खांब पाण्यातून वर येताना मी बघितला. दशक सरत आलं होतं तेव्हा, एका चैत्रात तो खुला झाला. दोन्ही काठांना तोरणं, दोन्ही गावची माणसं. वकिलाने हट्ट धरला, फीत वगैरे नंतर, आधी भाऊंचं गाऱ्हाणं. भावजींनी पुलासाठी मागितलं, बांधणाऱ्या मजुरांसाठी मागितलं, वकिलाच्या बायकापोरांसाठी मागितलं. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, मध्ये मध्ये खोकत होते. मागून झालं आणि नेहमीसारखे पंचा झटकून बाजूला झाले.

मला काय झालं कोण जाणे. आईच्या सरणाच्या जागेवर ठेवायला म्हणून मी एक नारळ आणला होता. तो मी तिथेच, पुलाच्या तोंडाशी ठेवला. आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलेलं नाही. हे ओरडले, "अगं, काय करतेस?" पण माझे हात जोडलेही गेले होते.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! सगळ्यांसाठी मागून मागून ह्यांचा घसा बसला! ह्यांच्यासाठी आजवर कुणी काय मागितलं नाही! आज मी मागते!"

माणसं भावजींकडे वळून बघायला लागली. मग कुणी तरी दबकत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"ह्यांना उदंड आयुष्य दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि येत्या निवडणुकीला ह्यांनाच उभं कर, ह्यांनाच निवडून आण, आणि समोर जो कोण उभा असेल त्याचा पाय मागे घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही काठ गरजले. आणि माझ्या अगदी शेजारून, सगळ्यांच्या वर, वकिलाचा आवाज आला. म्हणून झाल्यावर बिचाऱ्याला कळलं आपण काय म्हणालो. त्याने जीभ चावली.

जन्मभर आम्हाला धक्के देणारे आमचे भावजी, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे आ वासून बघत होते. हातातला पंचा खाली पडला, तो उचलायचं भान नाही. कसेबसे म्हणाले, "हे काय केलंस गो बाय?"

"देवासमोर म्हटलं ना सगळ्यांनी?" मी म्हटलं. "मग झालं."

नारळ उचलला आणि मी पुलावरून आईकडे चालायला लागले.